भिजलेला मका गोठ्यात नको

परतीच्या पावसानं मका भिजवला की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं : "माणसाच्या उपयोगाचा नाही, गुरांना घाला." आमच्याकडेही तेच झालं. हिरवट-पिवळी बुरशी धरलेला मका झटकून, ऊन दाखवून भरडला आणि गाईंच्या आंबोणात मिसळला. काही दिवसांतच गाई घमेल्याला तोंड लावेनात. दूध उतरलं, एक कालवड खंगत गेली. जनावरांच्या डॉक्टरांनी मूठभर भरडा हातात घेऊन वास घेतला आणि तो तपासणीला पाठवायला लावला. अहवालात अफ्लाटॉक्सिन निघालं.

अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी हे विष तयार करते. बुरशी झटकली, उन्हात मेली, तरी विष दाण्यात राहतं आणि शिजवल्या-भाजल्यानंही पुरतं जात नाही. त्याचा मारा यकृतावर. थोडंथोडं वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. ज्याला 'ब' प्रकारची कावीळ आहे त्याला धोका कितीतरी जास्त. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसानं भिजलेला मका आदिवासी कुटुंबांनी खाल्ला. नोंद झालेल्या ३९७ आजाऱ्यांपैकी १०६ जण दगावले. पोटात पाणी, अंगावर कावीळ. त्याच घरांतली कुत्रीही तशीच आजारी पडली होती.

मला सर्वांत जास्त हादरवलं ते दुधानं. गाईच्या पोटातल्या विषाचा काही अंश रूप बदलून, अफ्लाटॉक्सिन एम-१ होऊन, दिवसभराच्या आत दुधात उतरतो. दूध उकळा, विरजण लावा, तो राहतोच. किलोभर दुधात ०.५ मायक्रोग्रॅम एवढीच त्याची आपल्याकडची कायदेशीर मर्यादा आहे. म्हणजे गुरांना घातलेला मका आपल्याच पोरांच्या पेल्यात येतो. दिलासा एवढाच की खराब खाद्य बंद केल्यावर तीन-चार दिवसांत दूध बहुतांशी निवळतं.

म्हणून खरी लढाई साठवण्याआधीची. काचेच्या कोरड्या बरणीत मूठभर मका आणि चमचाभर कोरडं मीठ घालून जोरात हलवा. मीठ काचेला चिकटलं तर दाणा अजून ओला आहे. पोती भरू नका. पोती फळ्यांवर रचा, भिंतीपासून हातभर लांब. शेंगदाणा पेंडीचंही असंच. कुबट वास आला, गाठी दिसल्या, तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. शेंगदाण्यातले सुरकुतलेले, काळपटलेले दाणे हातानं निवडा आणि खाताना कडू लागला तर थुंका. चांगल्या मक्यात खराब मका मिसळून 'पातळ' करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. विष शोषणारी पावडर मिळते, तिनं थोडा आधार होतो, पण बुरशीचा भरडा तिच्या भरवशावर घालू नये.

टाकायचा मका नाका-तोंडाला फडकं बांधूनच उचला आणि कोंबड्या-कुत्री उकरणार नाहीत इतका खोल पुरा.