सॅन अँटोनियो स्पर्स : जागा सोडणाऱ्या खेळाडूंचा संघ

आंतरशालेय स्पर्धांचे दिवस आले की ऑफिसात काही पालक हमखास येतात. विचारणा एकच असते, "सर, आमचा मुलगा पहिल्या पाचांत का नाही?" प्रश्न स्वाभाविक आहे. बास्केटबॉलमध्ये मैदानावर एका वेळी पाचच खेळाडू असतात, बाकीच्यांना बाकावर बसून वाट पाहावी लागते. म्हणून या अंकात अमेरिकेतील एका व्यावसायिक संघाच्या खेळाडूंची माहिती देत आहे. टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो शहराच्या या संघाचे नाव स्पर्स. एनबीए या लीगची अजिंक्यपदे त्याने १९९९, २००३, २००५, २००७ आणि २०१४ अशी पाच वेळा मिळविली.

आधी एक नियम समजून घ्या. एनबीएमध्ये नवे खेळाडू 'ड्राफ्ट'मधून येतात. दरवर्षी सर्व संघ आळीपाळीने एकेक तरुण खेळाडू निवडतात. जे संघ मागे पडले त्यांना आधी निवडण्याची संधी मिळते आणि पहिला क्रमांक कोणाचा हे सोडतीने ठरते. पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला खेळाडू म्हणजे त्या वर्षीचा हिराच समजला जातो.

१९८७ साली स्पर्सने पहिल्या क्रमांकावर डेव्हिड रॉबिन्सनला निवडले. हा नौदलाच्या अकादमीचा गणिताचा पदवीधर. शाळेत तो फक्त शेवटच्या वर्षी बास्केटबॉल खेळला होता. अकादमीत असताना त्याची उंची वाढतच गेली आणि शेवटी सात फुटांच्या वर पोहोचली. पदवीनंतर नौदलाची सेवा करणे बंधनकारक होते. ती त्याने दोन वर्षे केली आणि संघानेही दोन वर्षे वाट पाहिली. १९८९ मध्ये तो खेळू लागला, १९९५ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मात्र अजिंक्यपद काही हाती लागेना. १९९६-९७ च्या हंगामात तो दुखापतींमुळे अवघे सहा सामने खेळला आणि ८२ पैकी ६२ सामने संघ हरला. त्या अपयशामुळेच पुढच्या ड्राफ्टच्या सोडतीत चांगली संधी होती. पहिला क्रमांक स्पर्सला मिळाला आणि टिम डंकन आला.

डंकनची हकीकत जरा सविस्तर सांगतो, कारण ती विद्यार्थ्यांच्या वयाची आहे. कॅरिबियन समुद्रात सेंट क्रॉय नावाचे छोटे बेट आहे. तेथे १९७६ मध्ये जन्मलेला हा मुलगा जलतरणपटू होता. थोरली बहीण १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये पोहली होती, त्यालाही तेच करायचे होते. सप्टेंबर १९८९ मध्ये 'ह्यूगो' चक्रीवादळ आले आणि बेटावरचा मोठा तरणतलाव उद्ध्वस्त झाला. समुद्रात सराव करा असे ठरले, पण डंकनला शार्क माशांची भीती वाटे! त्यातच आईला कर्करोग झाला. एप्रिल १९९० मध्ये, त्याच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ती वारली. पोहणे सुटले. बास्केटबॉल त्याने हाती घेतला तो नववीत, म्हणजे अमेरिकेच्या हिशेबाने फार उशिरा.

आईने मुलांकडून एक वचन घेतले होते, की कॉलेजची पदवी पूर्ण करायची. वेक फॉरेस्ट विद्यापीठात दोन-तीन वर्षे होताच व्यावसायिक संघांचे लक्ष त्याच्यावर गेले होते. शिक्षण अर्धवट टाकून तो लक्षावधी डॉलर मिळवू शकला असता. तो चारही वर्षे थांबला आणि १९९७ मध्ये मानसशास्त्राची पदवी घेऊनच बाहेर पडला. क्रीडा कोट्यातून नोकरी लागताच मुलाचे नाव कॉलेजातून काढण्याचा विचार करणाऱ्या पालकांनी हे दोनदा वाचावे, अशी विनंती आहे.

आता गंमत पाहा. रॉबिन्सन संघाचा राजा होता आणि त्याच्याच जागेवर खेळू शकेल असा मुलगा आला होता. आपल्याकडे अशा वेळी काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. रॉबिन्सनने त्या उन्हाळ्यात डंकनला कोलोराडोतील आपल्या घरी सरावाला बोलावून घेतले. पुढे आक्रमणाची मुख्य जबाबदारीही हळूहळू त्याच्याकडे जाऊ दिली आणि स्वतः बचाव सांभाळला. पहिल्याच हंगामात संघ ५६ सामने जिंकला आणि १९९९ मध्ये पहिले अजिंक्यपद मिळाले. त्या संघातला शॉन एलियट मूत्रपिंडाच्या आजारातही खेळत होता. ऑगस्ट १९९९ मध्ये भावाने त्याला आपले मूत्रपिंड दिले आणि मार्च २००० मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला. प्रत्यारोपणानंतर एनबीएत परतणारा तो पहिलाच खेळाडू.

पुढचे दोघे परदेशातले. अर्जेंटिनाच्या बाहिया ब्लांका शहराचा मानू जिनोबिली १९९९ च्या ड्राफ्टमध्ये ५७ वा निवडला गेला, म्हणजे यादी संपता संपता. तीन वर्षे इटलीत खेळून तो २००२ मध्ये आला. बेल्जियममधील ब्रुज येथे जन्मलेला, फ्रान्समध्ये वाढलेला टोनी पार्कर २००१ मध्ये २८ वा निवडला गेला. त्याची पहिली चाचणी प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांना मुळीच पसंत पडली नव्हती. दुसऱ्यांदा बोलावले तेव्हा मत बदलले आणि पाचव्या सामन्यापासून हा १९ वर्षांचा मुलगा पहिल्या पाचांत आला.

जिनोबिली मात्र बहुतेक वेळा बाकावरून खेळला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकणारा खेळाडू बाकावर! पॉपोविच यांचा हिशेब सरळ होता. पहिले पाच थकले की प्रतिस्पर्ध्यांच्या राखीव खेळाडूंसमोर हा उतरला म्हणजे संघाची धार कमी होत नाही. जिनोबिलीने हे मान्य केले. २००८ मध्ये त्याला सर्वोत्तम राखीव खेळाडूचा पुरस्कार मिळाला, आणि २०२२ मध्ये बास्केटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये मानाचे स्थान. डंकन, पार्कर आणि जिनोबिली या तिघांनी मिळून साखळी फेरीचे ५७५ सामने जिंकले.

पैशाचेही तसेच. एनबीएत खेळाडूंच्या एकूण पगारावर मर्यादा असते, एकाने फार घेतले तर दुसऱ्याला कमी उरते. डंकनचे मानधन एका हंगामात दोन कोटी डॉलरच्या वर होते. २०१२ मध्ये नवा करार करताना त्याने निम्म्याहून कमी रक्कम स्वीकारली.

२०१३ ची अंतिम मालिका दुःखद होती. सहाव्या सामन्यात अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला असताना पाच गुणांची आघाडी होती, तरी मायामी संघाने बरोबरी साधून सामना आणि मग मालिकाही जिंकली. पुढच्या वर्षी त्याच संघाला स्पर्सने ४-१ असे हरवले. त्या हंगामात, ४८ मिनिटांच्या सामन्यात, स्पर्सच्या एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटे भरली नाही. खेळ सर्वांत वाटला गेला होता.

रॉबिन्सन २००३ चे अजिंक्यपद घेऊन निवृत्त झाला. त्याआधी २००१ मध्ये त्याने सॅन अँटोनियोच्या गरीब वस्तीत स्वतःच्या पैशाने कार्व्हर अकादमी ही शाळा काढली. २०१२ मध्ये ती एका मोठ्या शैक्षणिक संस्थेला जोडली गेली आणि मोफत झाली. (माननीय विश्वस्तांच्या माहितीसाठी मुद्दाम लिहिले आहे.) डंकन १९ हंगामांनंतर २०१६ मध्ये, जिनोबिली २०१८ मध्ये निवृत्त झाला. पार्कर शेवटचा हंगाम शार्लट संघाकडून खेळून २०१९ मध्ये थांबला. १९९६ पासूनचे प्रशिक्षक पॉपोविच यांनी आजारपणानंतर २०२५ मध्ये पद सोडले. डंकन २०१९-२० मध्ये एकच हंगाम त्यांचा सहायक म्हणून बाकावर बसला आणि मग घरी गेला.

सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी सेंट क्रॉय, बाहिया ब्लांका, ब्रुज आणि सॅन अँटोनियो ही ठिकाणे नकाशात शोधून वहीत लिहून आणावीत.