गिटारवरची पहाट

जोगेश्वरीच्या चाळीत राहणाऱ्या मुलाला पहाट झाल्याचे कळते ते कानांनी. पहिल्या लोकलचा खडखडाट, दूधवाल्याच्या सायकलची घंटा, जिन्यातील पावले; डोळे उघडण्यापूर्वीच दिवस सुरू झालेला असतो. काश्मीरच्या दरीतील मेंढपाळाची पहाट मात्र निराळी. ती मुंबईकरांना कशी ऐकू यावी? १९६७ साली तिशीच्या उंबरठ्यावरील तीन वादकांनी ती ऐकविली. 'कॉल ऑफ द व्हॅली', म्हणजे 'दरीची साद', या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत एका मेंढपाळाचा एक दिवस आहे. शब्द मात्र एकही नाही.

शिवकुमार शर्मा यांचे संतूर मूळचे काश्मीरचेच. हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी म्हणजे तर गुराख्यांचे जुने वाद्य. परकी होती ती गिटार. चित्रपटातील नाचगाण्यांचे विलायती वाद्य, अशीच तिची ओळख. जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरा यांनी ती हाती घेतली तेव्हा त्यांच्या वडिलांनाही ते रुचले नाही. हिच्यावर केवळ शास्त्रीय संगीतच वाजवीन, असा शब्द मुलाने त्यांना दिला.

शब्द देणे सोपे, पाळणे अवघड. गिटारच्या दांडीवर पडदे बसविलेले असतात. बोट एका पडद्यावरून दुसऱ्यावर गेले की स्वर उडी मारतो. आपल्या रागांचा जीव तर मिंडेत. एक स्वर न तुटता दुसऱ्यात विरघळावा लागतो. काबरा यांनी हवाई बेटांतील वादकांची रीत स्वीकारली. गिटार मांडीवर आडवी ठेवावयाची आणि पोलादी कांब तारांवरून अलगद सरकवावयाची. पडदे असून नसल्यासारखे झाले. पुढे सरोदवादक अली अकबर खाँ यांच्यासारखा गुरूही त्यांना लाभला.

ही ध्वनिमुद्रिका एच. एम. व्ही. कंपनीतील जी. एन. जोशी यांनी सिद्ध केली. जोशी स्वतः गायक. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता त्यांच्याच आवाजात महाराष्ट्रभर पोचली होती. तबल्याला माणिकराव पोपटकर होते.

आरंभी येतो पहाटेचा अहीरभैरव. कोमल ऋषभावर स्वर रेंगाळतो तेव्हा धुके अजून वितळावयाचे आहे, असे वाटते. (ऐकताना डोळे मिटावेत, हे बरे.) मग नटभैरव, दुपारचा पिलू, दिवेलागणीचा भूप, रात्रीचा देस. शेवटी पहाडी. सुमारे चाळीस मिनिटांत मेंढपाळाचा दिवस संपतो आणि तबकडीवरची सुई आत सरकत थांबते.