बाग मागशील, तर पावसाळ्यासकट माग

बयो, तुझी यादी मिळाली. ग्रामपंचायतीने बागेसाठी सूचना मागवल्या आणि बचत गटाच्या बायकांनी ते काम तुझ्या गळ्यात घातलं, हे वाचून हसू आलं. लहानपणापासून तुझं अक्षर चांगलं, त्याची ही शिक्षा. पण मोठी बहीण म्हणून सांगते, ही यादी अजून कुणाला दाखवू नकोस. कारंजं, ओपन जिम, रंगीत पेव्हर ब्लॉक, नि दाराशी 'आय लव्ह' लिहिलेली ती लालभडक अक्षरं! अगं, ही यादी लातूरलाही चालेल आणि नाशिकलाही. श्रीवर्धन तालुक्यात समुद्राच्या तोंडावर ती दोन पावसाळे काढणार नाही.

तुमच्याकडचा वारा खारा. लोखंडाला तो आतून खातो आणि वरचा रंग मात्र शाबूत दिसतो. झोपाळ्याची साखळी तुटते ती अशीच, कुणाला काही कळायच्या आत. ओपन जिमची तर आधी बेअरिंगं धरतात, मग आवाज सुरू होतो, मग कुणीतरी दोरीने बांधून ठेवतं. ते सामान मागूच नकोस. झोपाळा आणि घसरगुंडी हवीच. साखळी नि कड्या 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात, असं अंदाजपत्रकातच लिहून घे. नुसतं 'स्टेनलेस' लिहिलंस तर 304 येईल. ते स्वस्त पडतं, पण खाऱ्या हवेत त्यावर डाग धरतात. बाकी लोखंड असेल त्याला गॅल्व्हनायझिंग. बसायला सिमेंटची बाकडी कशाला? जांभा चिरा तुमच्या दारात मिळतो, झाडाभोवती चिऱ्याचा पार बांधा. पेव्हर ब्लॉकवर श्रावणापर्यंत असं शेवाळं चढतं की म्हाताऱ्या माणसाने पाऊल टाकायची सोय नाही.

झाडांचं नीट ऐक. 3 जून 2020 तुला विसरता येणार नाही. निसर्ग वादळ तुमच्याच किनाऱ्यावर चढलं, पोफळीच्या वाड्या झोपल्या, दिवेआगरच्या सुरूच्या बनाची वाट लागली, कित्येक गावांत आठवडे न् आठवडे वीज नव्हती. सुरू भराभर वाढतो म्हणून तो सगळीकडे लावला गेला, पण मुळं उथळ, आणि खाली सुयांचा थर पडला की गवतही धरत नाही. गुलमोहर दिसायला देखणा, फांदी मात्र ठिसूळ. मुलांच्या खेळण्यांवर त्याची सावली नकोच. उंडी लावा. आपल्या आज्या दुखऱ्या गुडघ्यांना उंडेल चोळायच्या ना, तेच झाड. वाढायला सावकाश, पण खारं वारं सोसतं, बारा महिने हिरवं राहतं, आणि फळांनी पोरं गोट्या खेळतात. समुद्राच्या बाजूला उंडी आणि भेंड, आतल्या अंगाला करंज. नारळ लावायचाच असेल तर झोपाळ्यापासून लांब. कारण सांगायला नको.

आता मला खरं सांग, ही यादी करण्याआधी बागेच्या जागेवर तू बसलीस का? एखाद्या मंगळवारी सकाळी जा, मग संध्याकाळी जा, आणि शनिवारीही जा. शनिवारी तिथे मुंबई-पुण्याच्या गाड्या लागलेल्या असतील. दरवाज्याला दोन दगडी खांब रोवून गाडी आत शिरणार नाही एवढं केलं नाही, तर तुमच्या बागेचा वाहनतळ होणार, लिहून ठेव. मंगळवारी कोण दिसतं? सुकट वाळत घालणाऱ्या कोळणी, जाळं विणणारे आजोबा, दुपारी क्रिकेटची पोरं. ही माणसं आधीपासून तिथे आहेत. बाग झाली म्हणून त्यांना हुसकावलं तर गावात भांडण लागेल आणि तुझ्या नावाने लागेल. सुकटीसाठी एक उघडा, उन्हाचा तुकडा नकाशातच राखून ठेव. शिमग्याच्या होळीची जागा हलवायची तर विचारही करू नकोस.

आणि मुली? तेरा-चौदा वर्षांच्या मुली त्या मैदानात दिसतात का, बघ. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात 1990च्या दशकात नेमकं हेच पाहिलं गेलं. लहान असेपर्यंत मुलं-मुली बरोबर खेळत, दहाच्या आसपास पोचल्या की मुली बागेतून नाहीशा होत, कारण मधलं सगळं मैदान मुलग्यांच्या फुटबॉलने व्यापलेलं. शहराने दोन बागा नव्याने आखल्या. एकाच मोठ्या मैदानाचे लहान भाग केले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा दिली, घोळक्याने बसायच्या जागा केल्या, वाटा मोकळ्या आणि उजेडात आणल्या. मुली परत आल्या. तुमच्याकडे याला खर्च किती? व्हॉलीबॉलचे दोन खांब आणि रस्त्यावरून दिसेल असा एक पार. मला विचारशील तर अख्ख्या बागेत मी आधी हेच करीन. नि शौचालय, ज्याची कडी आतून लागते असं. ते नसेल तर बायका अर्ध्या तासात घरी जातात.

दिवे मागशील तेव्हा तोंड जमिनीकडे आणि आतल्या बाजूला. दिवेआगर-हरिहरेश्वरच्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, चुकीचा दिवा त्यांना समुद्राऐवजी रस्त्यावर आणतो. झोपाळ्याखाली फूटभर वाळू लागेल, पण ती किनाऱ्यावरून उचलायची नाही. सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात, वाळूउपशाला बंदी आहे. बागेला, खेळाच्या मैदानाला सीआरझेड आडवा येत नाही, 2011च्या अधिसूचनेत त्यांना मुभा होती. अडचण पक्क्या बांधकामाची. म्हणून एखादं 'छोटंसं सभागृह' कुणी हळूच घुसवलं तर तिथेच थांबव, नाहीतर सगळी बाग परवानगीच्या फायलीत अडकेल.

पैशाचं गणित मात्र पाठ कर. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीपैकी 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता, 40 टक्के मोकळा. बागेचं शौचालय आणि पावसाचं पाणी साठवायची टाकी बंधित निधीत बसते, झोपाळे अबंधितमध्ये मागावे लागतात. सगळं एका अर्जात कोंबलं की पंचायतीचे भाऊसाहेब 'निधी नाही' म्हणून मोकळे होतात, आणि त्यात त्यांचंही चुकत नाही. शिवाय पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणाला ठेवायचे असतात. ते यंदा कशावर गेले, हे गोड बोलून विचार. आमदार निधीतून बाग मिळाली तर घे, पण त्या निधीतून फलक लागतो, झाडू मारणारा माणूस मिळत नाही. माळ्याचा पगार, दर मे महिन्यात कड्या-साखळ्यांची तपासणी, दिवाळीआधी शेवाळं घासणं, एवढा वार्षिक खर्च आधी काढ. तो जमत नसेल तर खेळणी निम्मी कर. चार वस्तू धड असलेली बाग मला दहा मोडक्यांपेक्षा बरी वाटते.

ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते, कायद्यानेच. 26 जानेवारीच्या सभेत विषय यायचा तर त्याआधीच्या महिला सभेला तुझा बचत गट सगळा हजर हवा, कोळीवाड्यातल्या बायकांसकट. सभा त्यांच्या बाजाराच्या वेळेला ठेवू देऊ नकोस. आणि गणसंख्येला 100 किंवा 15 टक्के मतदार लागतात, तेवढे ग्रामसभेला आणायची तयारी ठेव, नाहीतर सभाच तहकूब होईल. ठरावात देखभालीचा आकडा पहिल्या ओळीत घाल, आणि इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत मागायला लाजू नकोस. यादी पुन्हा लिहिलीस की मला पाठव.