सलाईनने न जाणारा थकवा

२०२१ च्या ऑगस्टमधली गोष्ट. जिल्हा परिषद शाळेत सहावीला शिकवणाऱ्या एक बाई दवाखान्यात आल्या. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. म्हणाल्या, "डॉक्टर, एक सलाईन लावा. अंगात त्राणच उरलं नाही." तीन महिन्यांतली ही तिसरी खेप. आधी दोनदा मी सलाईन लावली होती, ताकदीचे इंजेक्शनही दिले होते. चार दिवस बरे वाटे, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. या वेळी मी विचारले, "बाई, झोप लागते का?" त्या एकदम रडू लागल्या.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, पण शिक्षकांचे काम बंद झाले नव्हते. कुणी नाक्यावर ड्यूटी केली, कुणी घरोघर सर्वेक्षण. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेतही अनेक शिक्षक दारोदार फिरले. बाईंच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी स्मार्टफोन नव्हता. त्यांना शिकवायला त्या वस्तीवरच्या देवळात जात आणि रात्री अकरापर्यंत बाकीच्यांच्या वह्यांचे फोटो मोबाईलवर तपासत. घरी सासूबाईंना दमा, आपल्यामुळे त्यांना लागण होईल ही सततची धास्ती. त्यातच दुसऱ्या लाटेत शाळेतले एक गुरुजी गेले. "त्यांना शेवटचं बघताही आलं नाही. आणि आता मी मुलांवर उगाच ओरडते, डॉक्टर. मी अशी नव्हते हो."

हा थकवा कशाचा?

सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी आणि साधारण साडेचार ग्रॅम मीठ असते. जुलाब-उलट्यांत ती जीव वाचवते, पण या थकव्यावर तिचा उपयोग नाही. याला 'बर्नआऊट' म्हणतात. आपण कामाने करपणे म्हणू. जागतिक आरोग्य संघटना याला आजार म्हणत नाही, तर कामाच्या जागी दीर्घकाळ आवरता न आलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे.

संकटात शरीर अ‍ॅड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल ही द्रव्ये सोडते. नाडी वाढते, रक्तातली साखर वाढते, माणूस सावध होतो. थोड्या वेळापुरते हे हिताचेच. पण महिनोन्महिने असेच चालले की झोप उडते, डोके दुखते, चिडचिड होते, रक्तदाब वाढतो. तेव्हा हा आळस नव्हे आणि मनाचा दुबळेपणाही नव्हे.

आधी तपासणी

प्रत्येक थकव्याला ताणाचे नाव देऊन मोकळे होऊ नये. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, बी-१२ आणि रक्तदाब तपासून घ्यावा. बाईंचे हिमोग्लोबिन ९ निघाले. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, पण त्यांच्या दुखण्याचा तो अर्धाच भाग होता.

काय करावे?

१. वह्या पाहण्याची आणि पालकांच्या फोनची वेळ ठरवून सर्वांना सांगावी. रात्री मोबाईल उशाशी ठेवू नये.

२. उठण्याची वेळ एकच ठेवावी. दुपारी चारनंतर चहा टाळावा. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्यांची सवय लागते.

३. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालावे.

४. मनातले दुःख सहकाऱ्याजवळ, घरच्यांजवळ बोलावे. गेलेल्या माणसासाठी रडणे ही लाज नव्हे.

५. घरच्यांनी कामाचा वाटा उचलावा. बाईंच्या मिस्टरांनी रात्रीचा स्वयंपाक आवरायला घेतला.

६. मुख्याध्यापकांनी जादा कामे आळीपाळीने वाटावीत, एकच माहिती चारदा मागू नये. ओझे तेवढेच ठेवून नुसता 'ताण घेऊ नका' हा सल्ला देणे व्यर्थ आहे.

केव्हा थांबू नये?

दोन आठवडे सतत उदास वाटणे, कशातच रस न राहणे, जगणे नकोसे वाटणे ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. हा आजार आहे आणि तो उपचाराने बरा होतो. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, त्या मध्येच सोडू नयेत. मरणाचे विचार येत असतील तर त्या माणसाला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो, मराठीतही बोलता येते.

साथ ओसरली म्हणून हा विषय संपला असे नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ नुसार आपत्ती निवारण, जनगणना आणि निवडणूक ही कामे शिक्षकांना देता येतात. उद्या पूर आला किंवा नवी साथ आली, तर पुन्हा हीच माणसे दारोदार फिरतील. तेव्हा त्यांच्या प्रकृतीची चौकशीही कुणीतरी करायला हवी.

४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग पुन्हा भरू लागले. दिवाळीनंतर बाई आल्या. सलाईन मागितली नाही. रक्तदाब तपासून घेतला आणि उठता उठता म्हणाल्या, "डॉक्टर, परवा वर्गात पोरांबरोबर मीही हसले. घरी आल्यावर लक्षात आलं."