मोठ्या पेनाचं पोट

मोठं पेन हातात आलं की माणूस आधी त्याची जाडी पाहतो, मग रंग, मग क्लिप. निबकडे नजर जाते ती पैसे मोजून झाल्यावर. जुनी पेनं विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून त्यांच्या फोटोत पेन नेहमी आडवं, चकचकीत आणि झाकण लावलेलं असतं. मी धानोरा तालुक्यात आमच्या ग्रामसभेच्या तेंदूफळीवर, म्हणजे तेंदूपानं मोजून घ्यायच्या जागी, मुन्शीचं काम करतो आणि हंगाम सरला की ग्रामसभेच्या हिशेबाच्या वह्या सांभाळतो. लिहिणं भरपूर. अंगठ्याच्या सांध्याला बारीक बॉलपेन सोसेना, दाबून लिहिणं तर नकोच झालं, तेव्हा जाड, न दाबता चालणारं शाईचं पेन शोधायला लागलो. नवं परवडत होतं. पण जुन्या एबोनाइटची हौस होती, हेही खरं.

आमच्याकडे अशी मोठी पेनं येतात ती बहुतेक दक्षिणेकडून. सिरोंच्यापाशी प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि तीच गोदावरी पुढे राजमहेंद्रीला जाते. तिथे के. व्ही. रत्नम यांनी १९३२ च्या सुमारास स्वदेशी पेनं करायला घेतली. त्यांचं पेन ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोचलं आणि गांधीजींनी जुलै १९३५ मध्ये वर्ध्याहून पत्र लिहून त्याला पसंती कळवली. हैदराबादेत डेक्कन पेन स्टोअर्स त्याहूनही आधीचं, १९२८ चं. तेंदूचे ठेकेदार आणि त्यांचे दिवाणजी पूर्वी तिकडूनच यायचे, आणि दिवाणजीच्या खिशात काळं, बोटभर जाडीचं पेन असायचंच. आजही सिरोंचा, अहेरी, बल्लारपूरकडे कुणाच्या तरी ट्रंकेत असं एखादं निघतं आणि फोनवरून फोटो फिरायला लागतात.

ही पेनं एबोनाइटची, म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून भट्टीत कडक केलेल्या कांडीची. कांडी लेथवर कातायची, आत पोकळी करायची, झालं पेन. आत रबरी पिशवी नाही, पिस्टन नाही, काही नाही. ड्रॉपरनं शाई थेट पोटात घालायची. त्यामुळे बिघडण्यासारखं फारसं नसतं, आणि जे बिघडतं ते गावातही दुरुस्त होतं. निब आणि तिच्याखालची जीभ नुसती दाबून बसवलेली असते. चिमटीत धरून ओढली की बाहेर येते. निब गेली तर त्याच मापाची कानपूरची नवी मागवता येते. साध्या कन्व्हर्टरच्या, म्हणजे शाई ओढून घेणाऱ्या छोट्या नळीच्या, पेनात जेमतेम एक मिलिलीटर शाई मावते, याच्या पोटात चार मिलिलीटरपर्यंत. एकदा भरलं की आठवडा निघतो, असं विकणारा सांगतो. सांगतो ते खोटं नसतं.

मी घेतलेलं पेन कुणी बनवलं ते कळायला मार्ग नव्हता. आधीच्या मालकानं की विकणाऱ्यानं ते इतकं घासून चमकवलं होतं की अंगावरचं कोरलेलं नाव पुसून गेलं होतं. जुनं एबोनाइट उन्हानं आणि हवेनं तपकिरी, हिरवट पडतं. तो रंग गेलेला दिसला आणि नावही गेलेलं दिसलं, तर वरचा थर खरवडला गेला आहे असं समजावं. पेन निकामी होत नाही, पण ‘अगदी जुनं, न वापरलेलं’ म्हणून लावलेली किंमत तेवढ्यावरच उतरवायला सांगता येते. माझं पेन आलं माघात. थंडीत सुरेख चाललं. अंगठा दुखेना, अक्षर सुधारलं, ग्रामसभेच्या ठरावाची पानं मी उगाचच दोनदा लिहून काढली.

मग मे उजाडला. आमच्याकडचा मे म्हणजे सावलीत पंचेचाळीस. बायामाणसं पहाटे जंगलात जातात, पानं आणून घरी पुडकी बांधतात, सत्तर पानांचं एक पुडकं, आणि ऊन कलताना फळीवर आणून ओळीनं मांडतात. मुन्शीनं मोजायचं आणि वहीत नावासमोर आकडा टाकायचा. मजुरी त्या आकड्यावर ठरते. त्या दिवशी पेन अर्ध्याहून जास्त रिकामं होतं. सकाळभर मातीच्या घरात गार पडलेलं, तिथून खिशात घालून तापल्या फळीवर आणलेलं. झाकण काढून निब कागदाला टेकवली आणि टपकन दोन थेंब पडले. पडले ते नेमके एका मावशीच्या आकड्यावर. एकशे दहा होते की एकशे सत्तर, ते तिला ठाऊक, मला ठाऊक, पण वहीला ठाऊक नाही.

“काहून जी मुन्शी, पेन फुटला का तुमचा?” मागून कुणीतरी विचारलं. सगळे हसले, मावशी हसली नाही. पुडकी पुन्हा मोजली, आकडा खाली वेगळ्या ओळीत लिहिला, फळीवरच्या दोघांच्या सह्या घेतल्या. खाडाखोड झालेल्या आकड्यावर नुसतं गिरवायचं नाही, हा नियम आमच्या ग्रामसभेत कडक आहे आणि तो बरोबरच आहे. त्या सह्यांमुळे निभावलं. पेन मात्र उरलेला हंगाम घरी राहिलं.

पेन फुटलं नव्हतं. त्याला काहीही झालं नव्हतं, आणि हेच घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. हवा तापली की फुगते. साधारण तीस अंशांच्या आसपास दर अंशाला तीनशेवा भाग. पोटात तीन मिलिलीटर हवा असेल आणि पेन दहा अंशांनी तापलं, तर ती हवा एक दशांश मिलिलीटर शाई बाहेर ढकलते. ड्रॉपरचे ते दोन थेंब. लहान कन्व्हर्टरमध्ये हवाच अर्धा-पाऊण मिलिलीटर. तीही फुगते, पण तिनं ढकललेला अर्धा थेंब निबखालच्या जिभेच्या खाचा सहज धरून ठेवतात. पेन जितकं मोठं आणि जितकं रिकामं, तितका हा धोका मोठा. हातात बराच वेळ धरलं तरी तळव्याच्या उबेनं हेच होतं, फक्त हळू. एबोनाइट उष्णता धिमेपणानं आत घेतं म्हणून धातूच्या अंगापेक्षा ते बरं. पण आमच्या उन्हापुढे धिमेपणा किती पुरणार?

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. मोठं ड्रॉपरचं पेन नेहमी काठोकाठ भरावं आणि अर्ध्यावर आलं की पुन्हा भरावं. पोटात हवाच कमी असली तर ढकलणार काय? बाहेरून आल्यावर लगेच लिहू नये. निब वर करून, झाकण काढून, थोडा वेळ हातात धरावं, म्हणजे फुगलेली हवा शाईवाटे न जाता वरच्या वर निघून जाते. खिशात उभंच ठेवावं, निब वर. मोटारसायकलच्या डिक्कीत कधीच नाही. आणि ज्या वहीवर दुसऱ्याची मजुरी अवलंबून आहे, तिथे उन्हाळ्यात हे पेन नेऊच नये. आठवडाभर पुरते म्हणून ज्या मोठ्या टाकीचं कौतुक होतं, तिचा शेवटचा अर्धा भाग मे महिन्यात आपल्या कामाचा नाही, असं धरूनच किंमत ठरवावी.

आता घेताना काय पाहायचं. फोटोवर पेन घ्यायची पाळी आली तर निबचे दोन फोटो मागा, एक समोरून, एक कडेनं, झाकण काढून. समोरून पाहताना मधली चीर टोकाकडे निमुळती होत गेलेली हवी; टोकाशी फट रुंदावली असेल तर शाई तुटते. टोकावरचा कठीण धातूचा कण दोन्ही बाजूंना सारखा हवा. एक बाजू झिजलेली असेल तर आधीच्या मालकानं पेन वर्षानुवर्षं तिरकं धरलं आहे आणि निबनं त्याचा हात शिकून घेतला आहे. तुमचा हात निराळा असेल तर ती कागद खरवडणार. निबवर ‘इरिडियम पॉइंट जर्मनी’ असं लिहिलेलं पाहून हुरळू नका. ते कोणत्याही कारखान्याचं नाव नाही, आणि अगदी स्वस्त पेनांवरही सापडतं.

मोठ्या विलायती नावांच्या वाटेला तर आमच्यासारख्यांनी जपूनच जावं. मों ब्लाँचं १४९ हे जाडजूड मॉडेल १९५२ पासूनचं, त्याच्या निबवर ४८१० कोरलेलं असतं, ती मों ब्लाँ याच नावाच्या शिखराची मीटरमधली ढोबळ उंची. पण आकडा कोरायला काय लागतं? नकला करणारे तोही कोरतात.

पेन हातात मिळालं तर पोटात पाणी भरा, आटे घट्ट बसवा आणि रात्रभर टिश्यू पेपरवर उभं ठेवा. सकाळी कागद ओला दिसला तर आटे किंवा तडा, दोन्हींपैकी एक. आटे ढिले असतील तर सिलिकॉन ग्रीसचा बारीक थर पुरतो. व्हॅसलिन लावू नका, रबराला पेट्रोलियम मानवत नाही. तडा असेल तर परत करा. झाकणाचा काठ नखानं चाचपून पाहा, तडे बहुधा तिथेच सुरू होतात. जुनी वाळलेली शाई काढायला साधं गार पाणी, फार तर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. गरम पाणी नको, आणि एबोनाइट रात्रभर पाण्यात बुडवून ठेवणं तर मुळीच नको, बाहेरून पांढुरकं, निस्तेज पडतं. वरच्या चाचणीत पाणी आत असतं, बाहेर नाही, हे ध्यानात ठेवा. पेन सेल्युलॉइडचं असेल, झाकण उघडल्यावर कापरासारखा वास येत असेल, तर ते आगीपासून आणि पत्र्याच्या तापलेल्या छपरापासून लांब ठेवा. ते भर्रकन पेटतं.

जाडी कुठली मोजायची हेही सांगून ठेवतो. विकणारा पेनाच्या अंगाची जाडी सांगतो, बोटं धरतात ती निबमागची मूठ. मूठ बारा-तेरा मिलिमीटरची असेल तर दुखऱ्या अंगठ्याला आराम पडतो, मग अंग कितीही असो. झाकण मागे लावून एक अख्खं पान लिहून पाहा. मोठ्या पेनाचं झाकण मागे लावलं की तोल मागे जातो आणि मनगट भरून येतं. मी झाकण टेबलावरच ठेवतो.

गोष्टीचे पैसे मात्र देऊ नका. बाबासाहेबांना फाउंटन पेनांची आवड होती हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि नागपूरच्या पाठोपाठ १६ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी चंद्रपुरात दीक्षा दिली हेही. त्यामुळे या भागात एखाद्या जाड काळ्या पेनाला ‘त्या काळातलं’, ‘तसलंच’ अशी पुस्ती जोडली की किंमत दुप्पट होते. कागद नसेल, फोटो नसेल, तर ते नुसतं जुनं पेन आहे. तेवढ्याचाच भाव द्या.

शाईत चूक करायला फार वाव असतो. कॅमलची निळी शाई गावोगाव मिळते. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेला हा धंदा शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासूनच मोठा झाला. ती शाई या पेनांना उत्तम. पण स्टेशनरीच्या दुकानात त्याच फळकुटावर शेजारी काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक असते. तिच्यात लाख असते. ती पेनात गेली आणि वाळली की पाण्यानं निघत नाही. दुकानातलं पोरगं ‘काळी शाई’ म्हटल्यावर हातात जी येईल ती देतं, बाटलीवरचं वाचायचं काम तुमचं. पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटलीही पाहून घ्या. वर तवंग, तळाशी धागे किंवा कुबट वास आला तर टाकून द्या, बुरशी पेनात गेली की जिभेच्या खाचांत घर करते.

कागदाचंही तसंच. बल्लारपूरची गिरणी आमच्याच जंगलातल्या बांबूवर वाढली, पण म्हणून इथल्या प्रत्येक वहीचा कागद शाई पेलतो असं नाही. मोठी निब शाई सढळ सोडते, आणि स्वस्त दोनशे पानी वहीत ती मागच्या पानावर उतरते. पेन पाहायला जाताना आपल्या रोजच्या रजिस्टरचं एक पान सोबत न्या आणि त्यावर लिहून पाहा. दुकानदार जो गुळगुळीत कागद पुढे करतो त्यावर खराटाही छान चालेल. श्रावणात तेच पान पुन्हा तपासा, दमट कागदावर शाई जास्त पसरते.

वाहतूक परवान्याचं पुस्तक, पावतीपुस्तक, जिथे खाली कार्बन घालून दोन-तीन प्रती काढायच्या असतात, तिथे शाईचं पेन चालत नाही. निब दाबली तर तिचे दोन पाय फाकतात आणि कार्बनवर उमटत काहीच नाही. त्यासाठी खिशात बॉलपेन ठेवावंच लागतं. माझं मोठं पेन आता जूनपासून फेब्रुवारीपर्यंत ठरावांची आणि पत्रांची कामं करतं. होळीच्या सुमारास मी ते रिकामं करतो, गार पाण्यानं तीन-चारदा धुतो, निब-जीभ काढून फडक्यावर वाळवतो आणि सुती कापडात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवतो. प्लास्टिकच्या पिशवीत नाही.