दोघांची मते सारखी

निवडणुकीत एक जिंकतो, बाकीचे हरतात. पण दोघांनाही सारखीच मते पडली तर?

आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत असे अधूनमधून होते. मग चिठ्ठ्या टाकतात. एखाद्या लहान मुलाला पुढे बोलावतात. ते डब्यात हात घालून एक चिठ्ठी उचलते. नाव वाचले जाते आणि गुलाल उधळतो.

अगदी अशीच गोष्ट अमेरिकेत घडली. तीही एका राज्याच्या विधिमंडळाच्या निवडणुकीत.

अमेरिकेत 50 राज्ये आहेत. त्यांतले व्हर्जिनिया हे पूर्वेच्या समुद्रकाठी आहे. त्याची राजधानी रिचमंड. तिथल्या विधिमंडळात दोन सभागृहे आहेत. वरच्या सभागृहाला सेनेट म्हणतात. त्यात 40 सेनेटर असतात, त्यांची मुदत चार वर्षांची. खालच्या सभागृहात 100 प्रतिनिधी असतात, त्यांची मुदत दोनच वर्षांची. आपल्या विधान परिषदेचे आमदार वेगळ्या रीतीने निवडले जातात. तिथला सेनेटर मात्र थेट लोकांच्या मतांवरच येतो. म्हणजे सेनेटर असो की प्रतिनिधी, मुदत संपली की त्याला पुन्हा मतदाराच्या दारी जावे लागते.

जागेवर बसलेला माणूस सहसा पुन्हा निवडून येतो. लोकांना त्याचे नाव ठाऊक असते. त्याने चार कामे केलेली असतात, निदान केली असे सांगता तरी येते! न्यूपोर्ट न्यूज या गोदीच्या शहरातले डेव्हिड यान्सी हे असेच प्रतिनिधी होते. ते रिपब्लिकन पक्षाचे. 2011 साली ते पहिल्यांदा निवडून आले होते. 2017 साली ते पुन्हा उभे राहिले. त्यांच्यासमोर डेमोक्रॅटिक पक्षाच्या शेली सायमंड्स या बाई होत्या. बाई शहराच्या शाळा-मंडळाच्या सभासद होत्या.

7 नोव्हेंबर 2017 ला मतदान झाले. पहिल्या मोजणीत यान्सी 10 मतांनी पुढे होते. एवढा थोडा फरक असला की फेरमोजणी मागता येते. बाईंनी ती मागितली.

19 डिसेंबरला फेरमोजणी झाली. आता हे आकडे सावकाश वाचा.

सायमंड्स 11,608

यान्सी 11,607

बाई एका मताने पुढे! त्यांच्या लोकांनी आनंद केला. पण गोष्ट इथे संपली नाही.

तिथली मतपत्रिका कागदाची होती. प्रत्येक नावाजवळ एक पोकळ गोल छापलेला असतो. ज्याला मत द्यायचे, त्याचा गोल पेनाने काळा करायचा. एका मतदाराने यान्सी आणि सायमंड्स या दोघांचेही गोल काळे केले होते. मग सायमंड्स यांच्या गोलावर त्याने एक तिरकी रेघ मारली होती. फेरमोजणीत हे मत बाद धरले होते. दुसऱ्या दिवशी रिपब्लिकन पक्षाच्या एका मोजणीदाराने पत्र लिहून हरकत घेतली. मामला तीन न्यायाधीशांपुढे गेला.

त्या माणसाच्या मनात काय होते? तुम्हीच सांगा. चुकून गोल काळा झाला म्हणून त्याने रेघ मारली असेल का? रिपब्लिकन पक्षाचे म्हणणे तसेच होते. त्या मतदाराने इतर जागांनाही त्याच पक्षाचे उमेदवार निवडले आहेत, असे ते म्हणाले. पण त्याच कागदावर गव्हर्नरच्या जागेसाठी रिपब्लिकन उमेदवाराचा गोल काळा केलेला होता, आणि त्याच्यावरही फुली होती. मग रेघेचा अर्थ काय लावायचा? मतदाराला बोलावून विचारता येत नव्हते. मत गुप्त असते. तो कोण, हे कागदावर कुठेच नसते.

न्यायाधीशांनी ते मत यान्सी यांना दिले. झाली बरोबरी. 11,608 आणि 11,608.

लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाचाही पेन असा घसरतो. आपल्याकडे आमदार-खासदारांच्या निवडणुकीत आता यंत्राचे बटण दाबतात. पण सोसायटीच्या किंवा साखर कारखान्याच्या निवडणुकीत हातात अजून कागद आणि शिक्का येतो. शिक्का दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर पडला, तर असाच वाद उभा राहतो. कागद खराब झाला असेल, तर पेटीत टाकण्यापूर्वी तो अधिकाऱ्याला परत देऊन दुसरा मागावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

बरोबरी झाली तर चिठ्ठी काढावी, असा व्हर्जिनियाचा कायदा होता. 4 जानेवारी 2018 ला रिचमंडमध्ये लोक जमले. दोन नावे दोन कागदांवर छापली. कॅमेऱ्याच्या फिल्मच्या दोन छोट्या डब्यांत ती घातली. डब्या चिनीमातीच्या निळ्या वाडग्यात टाकून ढवळल्या. निवडणूक मंडळाच्या अध्यक्षांनी एक डबी उचलली. नाव निघाले डेव्हिड यान्सी.

तुम्ही म्हणाल, एका जागेने असे काय बिघडणार? पण ती जागा नुसती एका माणसाची नव्हती. ती मिळाल्यामुळे खालच्या सभागृहात रिपब्लिकन 51 आणि डेमोक्रॅट 49 झाले. दुसरी डबी हाती आली असती तर 50 आणि 50 झाले असते. मग अध्यक्ष कोणाचा, समित्या कोणाच्या, सगळेच वाटाघाटीवर गेले असते. त्या वर्षी गरिबांच्या दवाखान्याच्या खर्चाचा मोठा प्रश्न विधिमंडळापुढे होता. सुमारे चार लाख लोकांना सरकारी मदत द्यायची की नाही, हा तो वाद. पुढे काही रिपब्लिकन सभासदांनीही बाजूने मत दिले आणि 2018 सालीच ती योजना मंजूर झाली.

त्या मतदारसंघात निवडणुकीच्या दिवशी घरीच बसलेली माणसे पुष्कळ होती. त्यांतले एकजण जरी बाहेर पडून या दोघांपैकी कुणाला मत देऊन आले असते, तर वाडगा लागलाच नसता.

10 जानेवारी 2018 ला बाईंनी हार मान्य केली. 2019 साली त्या यान्सी यांच्याविरुद्ध पुन्हा उभ्या राहिल्या. मधल्या काळात मतदारसंघाच्या हद्दी बदलल्या होत्या. या वेळी फेरमोजणी लागली नाही की चिठ्ठी लागली नाही. सायमंड्स चांगल्या फरकाने निवडून आल्या.