मॅग्नेशियमची गोळी घेण्यापूर्वी

कोलकात्याच्या बालीगंजात वर्षानुवर्षे वास्तव्य केलेल्या मराठी कुटुंबात बंगाली शेजाराचे जे संस्कार नकळत रुजतात, त्यांत अंबलाची, म्हणजे आम्लपित्ताची, चिंता आणि जेवणानंतर आम्लनाशकाचा घोट यांना अग्रस्थान द्यावे लागेल. माझ्या वडीलबंधूंचा मधुमेह जुना. त्यात रात्री पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, तेव्हा गडियाहाटच्या बाजारात भेटलेल्या एका स्नेह्याच्या शिफारशीवरून मॅग्नेशियमच्या गोळ्या घरात दाखल झाल्या. पुढे दादांना दिवसाढवळ्या झापड येऊ लागली, उभे राहताच भोवळ येई. डॉक्टरांनी घरातील यच्चयावत औषधे मेजावर मांडावयास लावली आणि आम्लनाशकाच्या बाटलीवरील बारीक अक्षरांतल्या ‘मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड’वर बोट ठेवले. एकच द्रव्य दोन वाटांनी पोटात जात होते आणि त्याचा निचरा करणारी मूत्रपिंडे, रक्ततपासणीत दिसून आल्याप्रमाणे, केव्हाच थकली होती. दोन्ही औषधे बंद झाली, इस्पितळात काही दिवस देखरेख झाली आणि दादा सावरले.

यावरून मॅग्नेशियमला विष ठरवणे अन्यायाचे होईल. प्रौढ शरीरात ते सुमारे २५ ग्रॅम असते. निम्म्याहून अधिक हाडांत, रक्तात जेमतेम एक टक्का, आणि म्हणूनच रक्ताचा अहवाल निर्दोष असूनही कमतरता असू शकते. मूत्रल औषधे, दीर्घकाळ चालणाऱ्या आम्लरोधक गोळ्या, अनियंत्रित मधुमेह वा मद्यपान यांमुळे ती उद्भवते. अशा रुग्णास वैद्याच्या सल्ल्याने दिलेली गोळी खचित हितावह. बद्धकोष्ठतेतही तिचा उपयोग होतो. उतारवयातील पोटऱ्यांच्या गोळ्यांवर मात्र तिचा फारसा गुण येत नाही, असाच चाचण्यांचा निर्वाळा आहे.

तेव्हा गोळी कोणती घ्यावी, या प्रश्नाआधी मूत्रपिंडे शाबूत आहेत काय, हे क्रिएटिनिन तपासून पाहावे. दुसरे, आम्लनाशक आणि रेचक यांचाही हिशेबात समावेश करावा. अमेरिकेतील मानकांनुसार निरोगी प्रौढाने पूरक गोळ्यांतून दिवसास ३५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मॅग्नेशियम वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नये, आणि हा आकडा शुद्ध मॅग्नेशियमचा आहे, क्षाराच्या एकूण वजनाचा नव्हे. ऑक्साइड स्वस्त, पण आतड्यांत कमी शोषले जाते. जुलाब होऊ लागल्यास मात्रा कमी करावी. तिसरे, थायरॉइडच्या गोळीत आणि मॅग्नेशियमच्या गोळीत चार तासांचे अंतर ठेवावे. काही प्रतिजैविके आणि हाडांच्या ठिसूळपणावरील औषधे यांबाबतही वेळेचे पथ्य डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

प्रकृती ठीक असणाऱ्यास ज्वारी, बाजरी, राजगिरा, तीळ, शेंगदाणे, डाळी व पालेभाज्या यांतून हे द्रव्य सहज मिळते, आणि अन्नातील अतिरिक्त अंश निरोगी मूत्रपिंडे मुकाट्याने बाहेर टाकतात. गोळी चालू असता अतिसुस्ती, स्नायूंची शिथिलता, मंदावलेली नाडी वा श्वासाचा त्रास जाणवल्यास ती तत्काळ थांबवून इस्पितळ गाठावे, आणि जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या सोबत न्याव्यात.